दुखण्याच्या गोळ्या, लहान आतडे आणि दह्यातले जिवाणू



भाताच्या रोप लागवडीचे दिवस आले की आमच्या खानापूर-बेळगाव भागात एक गोष्ट दरवर्षी पाहावयास मिळते. खत-बियाण्याच्या दुकानातली गर्दी ओसरते आणि ती औषधाच्या दुकानाकडे सरकते. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरलेली असते, गुडघे सुजलेले असतात. "कंबरदुखीची गोळी द्या" एवढे म्हटले की चार-सहा गोळ्या हातावर पडतात, थोडक्या पैशांत काम होते आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा बांधावर उभा राहतो. पुढे ऊसतोडणीच्या वेळी तेच. यात कोणाला दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. शेत काही माणसाच्या कंबरेसाठी थांबत नाही, हे आम्हीही जाणतो. परंतु चार दिवसांसाठी आणलेली गोळी चार महिने चालू राहते, तेव्हा पोटाच्या आत काय घडते, हे ठाऊक असलेले बरे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. वयाने थोर म्हणून सगळा वाडा त्यांना मामा म्हणतो. तीन एकर भात, थोडा ऊस, दोन म्हशी. काही वर्षांपूर्वी त्यांना दम लागू लागला. शेतातून घरी येताना वाटेत दोनदा बसावे लागे. ओठ पांढरे पडले. "वय झालं, आता असंच चालायचं," म्हणून घरच्यांनी ते मनावर घेतले नाही. शेवटी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्याही खाली आलेले. लोहाच्या गोळ्या झाल्या, दोन महिने गेले, रक्त चढेना. तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिले, ते स्वच्छ. मोठे आतडे पाहिले, तेही स्वच्छ. शौचाच्या तपासणीत मात्र डोळ्यांना न दिसणारे रक्त सापडले. रक्त जात होते, पण कोठून, ते कळत नव्हते.

डॉक्टरांनी प्रत्येक वेळी विचारले होते, "मामा, काही औषध चालू आहे का?" आणि मामांनी प्रत्येक वेळी "काही नाही" म्हणून सांगितले होते. ते खोटे बोलत नव्हते. रक्तदाब नाही, साखर नाही, म्हणजे औषध नाही, असा त्यांचा हिशेब. अखेर मामींनी घरी जाऊन कपाटाच्या खणातली गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत भरून आणली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओतली. गुडघ्यासाठी रोज एक, कामाचा दिवस असला तर दोन, असे दीड वर्ष चालले होते. सोबत "पोट बिघडू नये म्हणून" रोज सकाळी ॲसिडिटीची एक गोळी. मामांच्या मते त्यांनी सगळी काळजी घेतली होती.

हा लेख त्या पिशवीमुळे लिहीत आहोत.

या गोळ्या कोणत्या?

दुकानात मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या दोन जातींच्या असतात. एक पॅरासिटामॉल, जी ताप आणि दुखणे कमी करते, पण सूज विशेष उतरवीत नाही. दुसरी जात सूज उतरविणाऱ्या गोळ्यांची. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसेक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन, नायमेसुलाइड, पिरॉक्सिकॅम, मेफेनामिक ॲसिड ही या जातीतली नावे. पाकिटाच्या पुढच्या बाजूस कंपनीने ठेवलेले नाव मोठ्या अक्षरांत असते. ते सोडून द्यावे आणि पाठीमागची बारीक अक्षरे वाचावीत, किंवा घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावीत. पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि यांपैकी एक असे दोन्ही एकत्र असते. त्यामुळे एक गोळी डॉक्टरांची आणि एक दुकानातली घेणारा माणूस नकळत एकच औषध दुप्पट घेत असतो.

ही औषधे काम कशी करतात, हे लंडनचे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले, आणि त्या संशोधनासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत मिळाले. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्ये तयार होतात. सांध्यात ती सूज आणि वेदना वाढवितात. जठरात आणि आतड्यात मात्र तीच द्रव्ये अस्तरावरचा बुळबुळीत थर टिकवितात आणि तेथला रक्तपुरवठा राखतात. गोळी ही द्रव्ये बनू देत नाही. गुडघ्यात जे हवे ते होते, पोटात जे नको ते होते. गोळीला गुडघा कोणता आणि पोट कोणते, हे समजत नाही.

जठरातले व्रण डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहेत. त्यावर ॲसिडिटीची गोळी, म्हणजे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल यांपैकी एखादी, खरोखर चांगला उपाय आहे. जठरात आम्ल असते, ते कमी झाले की व्रण होण्याचे प्रमाण कमी होते. येथपर्यंत मामांचे काही चुकले नव्हते.

जठराच्या पुढचे वीस फूट

जठर संपले की लहान आतडे सुरू होते. मोठ्या माणसात ते सुमारे वीस फूट लांब असते. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण त्याच्या तोंडाशी थांबते, शौचाच्या मार्गाने घातलेली दुर्बीण त्याच्या दुसऱ्या टोकाशी थांबते. मधला सगळा भाग वर्षानुवर्षे अंधारातच राहिला होता.

त्या अंधारात काहीतरी बिघडते आहे, अशी शंका काही डॉक्टरांना होती. लंडनमध्ये इंग्वार ब्यार्नासन यांनी १९८० च्या दशकात दाखविले की, या गोळ्या घेणाऱ्यांचे लहान आतडे झिरपू लागते. जे पदार्थ आतड्यातून रक्तात जाऊ नयेत ते जातात. त्यानंतर १९९२ साली स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलेल्या ७१३ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २४९ जण या जातीच्या गोळ्या घेणारे होते. त्यांतल्या २१ जणांच्या लहान आतड्यात व्रण सापडले. गोळ्या न घेणाऱ्या ४६४ जणांत असे व्रण अवघ्या ३ जणांना होते.

पुढे गिळण्याचा कॅमेरा आला. मोठ्या कॅप्सूलएवढा, आत दिवा आणि कॅमेरा, गिळला की आतड्यातून सरकत सरकत चित्रे पाठवीत जातो आणि शौचावाटे बाहेर पडतो. तो गॅव्रिएल इडान या इस्राएली अभियंत्याच्या डोक्यातून निघाला. क्षेपणास्त्रांच्या कामावरचा हा माणूस माणसाच्या पोटाकडे कसा वळला, ती एक वेगळीच गोष्ट आहे. अमेरिकेत २००१ साली या कॅमेऱ्याला परवानगी मिळाली आणि चार वर्षांतच खरे चित्र पुढे आले. लंडनच्या डॉक्टरांनी ४० निरोगी माणसांना दोन आठवडे डायक्लोफिनॅक दिले आणि जठराच्या रक्षणासाठी ओमेप्राझोलही दिले. मामांची तीच जोडी. दोन आठवड्यांनंतर कॅमेऱ्याने पाहिले तेव्हा २७ जणांच्या लहान आतड्यात नव्या इजा दिसल्या. कोठे लाली, कोठे ओरखडे, कोठे रक्त. म्हणजे दर तिघांपैकी दोघे.

हे वाचून कोणी एकदम घाबरून जाऊ नये. यांतल्या बहुतेक इजा लहान असतात आणि गोळी थांबविली की भरून येतात. पण ज्याची गोळी थांबतच नाही, त्याच्या आतड्यातून रोज थोडे थोडे रक्त जात राहते. ते शौचात मिसळून जाते, रंगही बदलत नाही. माणूस फिका पडतो, दमतो आणि वयाला दोष देतो. क्वचित व्रण खोल जाऊन आतडे आकसते किंवा त्याला छिद्र पडते, आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

बांधाला पडलेली बिळे

ॲसिडिटीची गोळी तेथे उपयोगी का पडत नाही? कारण लहान आतड्यात जठरासारखे आम्लच नसते. तेथला अपराधी वेगळा आहे. नेमके सांगायचे तर तेथे दोन अपराधी आहेत, पित्त आणि जिवाणू, आणि गोळी त्यांना वाट करून देते.

भातशेती करणाऱ्यांना हे समजणे अवघड नाही. वाफ्यात पाणी आहे, बांध धड आहे, तोवर ते पाणी पिकाला जीवन देते. त्याच बांधाला खेकड्याने बीळ पाडले की तेच पाणी बांध पोखरून खालचा वाफा बुडविते. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. आतड्याचे अस्तर हा त्यांचा बांध. जिवाणू बांधाच्या आत आहेत तोवर ते अन्न पचवितात, काही जीवनसत्त्वेही तयार करतात. गोळी अस्तराच्या पेशींना दुबळे करते, वरचा बुळबुळीत थर पातळ करते, आणि बिळे पडू लागतात. मग काही जातींचे जिवाणू व त्यांची विषारी द्रव्ये अस्तरात शिरतात. शरीर त्यांच्याशी झुंजू लागते आणि त्या झुंजीत अस्तराला व्रण पडतात.

याचा पुरावा जुना आहे. १९७७ साली अमेरिकेत आंद्रे रॉबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने जन्मापासून जंतुविरहित पिंजऱ्यात वाढविलेल्या उंदरांना इंडोमेथासिन दिले. साध्या उंदरांची आतडी त्या औषधाने व्रणांनी भरून जातात. या जंतुविरहित उंदरांना फारशी इजा झाली नाही. जिवाणू नाहीत तर व्रणही नाहीत.

पित्ताची गोष्ट आणखी विचित्र आहे. डायक्लोफिनॅकसारखे औषध रक्तातून यकृतात जाते. यकृत त्याला एक साखळी जोडून निरुपद्रवी करते आणि पित्तात सोडते, म्हणजे ते शौचावाटे बाहेर जावे. पण लहान आतड्यात खाली राहणारे काही जिवाणू ती साखळी तोडतात. औषध पुन्हा मोकळे होते, पुन्हा अस्तराला लागते, पुन्हा रक्तात शोषले जाते आणि पुन्हा यकृताकडे जाते. अशा फेऱ्या चालतात. गोळी एक गिळली, तरी आतड्याला ती अनेकदा भेटते. म्हणूनच "उपाशीपोटी घेत नाही, जेवूनच घेतो" एवढ्याने लहान आतड्याचे रक्षण होत नाही. इंजेक्शन घेतले तरी औषध यकृतात आणि पित्तात जातेच.

आता ॲसिडिटीच्या गोळीकडे पुन्हा वळू. जठरातले आम्ल हे वरून येणाऱ्या जंतूंना अडविणारे कुंपण असते. ते काढले की खालची वस्ती बदलते. कॅनडाचे जॉन वॉलेस आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, ॲसिडिटीचे औषध आणि दुखण्याचे औषध एकत्र दिले असता लहान आतड्याची इजा कमी न होता वाढली. त्या उंदरांच्या आतड्यातले बिफिडोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू घटले होते. तेच जिवाणू परत पुरविले तेव्हा इजा रोखली गेली. हा उंदरांवरचा प्रयोग आहे, हे विसरून चालणार नाही. ज्याला पूर्वी जठराचा व्रण झाला आहे, किंवा जो म्हातारा आहे, त्याने डॉक्टरांनी दिलेली ॲसिडिटीची गोळी या लेखावरून बंद करू नये. ती जठराची राखण करते. फक्त तिच्या भरवशावर वर्षभर दुखण्याची गोळी घेऊ नये, एवढेच आमचे सांगणे.

उपकारक जिवाणूंचा प्रयोग

जिवाणूंमुळे इजा होत असेल, तर चांगले जिवाणू घालून ती टाळता येईल काय? कल्पना नवी नाही. १९०८ चे नोबेल मिळविणारे इल्या मेचनिकॉफ हे विसाव्या शतकाच्या आरंभीच म्हणत होते की, बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात. दीर्घायुष्याचे त्यांचे गणित पुढे सिद्ध झाले नाही, पण आंबट दुधातले जिवाणू औषध म्हणून वापरण्याचा विचार तेथून पसरला. अशा जिवाणूंना आज प्रोबायोटिक म्हणतात. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी त्याची जी व्याख्या केली तिच्यात तीन अटी आहेत. जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत, आणि त्यांचा आरोग्याला फायदा दिसून आलेला हवा.

माणसांवर झालेले प्रयोग थोडे आणि लहान आहेत, पण लक्षात घेण्याजोगे आहेत. २०१० साली इटलीत २० निरोगी व्यक्तींना इंडोमेथासिनबरोबर अनेक जातींच्या जिवाणूंचे मिश्रण दिले, तेव्हा आतड्याच्या दाहाची शौचातली खूण वाढली नाही. मिश्रणाशिवाय ती वाढली होती. जपानमध्ये हृदयासाठी रोज लहान मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णांना लॅक्टोबॅसिलस केसी या जातीचे जिवाणू देऊन कॅमेऱ्याने पाहिले, त्यांच्या आतड्यातील ओरखडे कमी झाले. हा अहवाल २०११ चा. तेथेच पुढे एका विशिष्ट जिवाणूचे दही देऊनही असाच फायदा आढळला. सर्वांत काळजीपूर्वक केलेला प्रयोग आयर्लंडमधला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. ७५ निरोगी स्वयंसेवकांना सहा आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले. काहींना बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह या जिवाणूचा एक विशिष्ट वाण आणि काहींना दिसायला तशीच पोकळ पुडी. कोणाला काय मिळाले हे ना त्यांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. जिवाणू घेणाऱ्यांच्या आतड्यात इजा कमी झाली, व्रणही कमी. अगदी थांबली असे नाही. या प्रयोगात तो जिवाणू विकणाऱ्या कंपनीचाच हात होता, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. तेवढ्याने तो खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कोणी तो करून पाहावा असे मात्र वाटते.

उलट बाजूचाही दाखला आहे. चिलीमध्ये २००१ साली लॅक्टोबॅसिलसचा एक प्रसिद्ध वाण इंडोमेथासिनबरोबर दिला, तेव्हा जठराचे झिरपणे कमी झाले; लहान आतड्याचे झाले नाही. आणि तेच जिवाणू तापवून मारून दिले, तेव्हा जठरालाही उपयोग झाला नाही.

येथे वाणाचा प्रश्न येतो, आणि आम्हांस वाटते की तो शहरातल्या माणसापेक्षा शेतकऱ्याला लवकर कळेल. आपण सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळतो. तो जिवाणूच. पाकिटावर "सोयाबीनसाठी" असे लिहिलेले असते, आणि ते हरभऱ्याला चोळून भागत नाही. त्याचे रायझोबियम वेगळे. पाकिटावर मुदत असते. उन्हात ठेवले, गाडीच्या डिकीत तापले की जिवाणू मरतात आणि हातात नुसती काळी भुकटी उरते. पोटाच्या जिवाणूंचेही अगदी तसेच आहे. "लॅक्टोबॅसिलस आहे" एवढे ऐकून घेणे म्हणजे "जिवाणू खत आहे" एवढेच ऐकून कोणत्याही पिकाला चोळणे होय. जुलाबावर मिळणारी छोट्या कुप्यांतली बॅसिलस क्लॉसी, किंवा पुडीतले सॅकरोमायसिस हे यीस्ट, ही आपापल्या कामासाठी आहेत. वर सांगितलेल्या प्रयोगांतले जिवाणू ते नव्हेत. दुकानदार "पोटासाठी चांगलं" म्हणून जे हाती देईल ते महिनोन्‌महिने विकत घेऊ नये. त्या पैशांत घरात दोन अंडी जास्त येतील.

घरच्या दह्याचे काय?

हा प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो. आपल्या घरच्या दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात. पण ते कोणत्या वाणाचे, हे विरजणावर अवलंबून. शेजारणीकडून आणलेले विरजण आणि आपले विरजण यांत फरक असतो. जठरातल्या आम्लातून त्यांतले किती जिवंत खाली पोहोचतील, तेही निश्चित नसते. गोळ्यांच्या इजेवर घरच्या दह्याचा कस लागलेला नाही. म्हणून दही हे चिलखत नव्हे. "वाटीभर दही खाल्लं, आता गोळी घ्यायला हरकत नाही," असे म्हणणे चुकीचे आहे.

तरीपण दही-ताक अवश्य खावे. दूध नीट तापवून, कोमट करून विरजण लावावे. गाई-म्हशीच्या कच्च्या दुधातून माणसाला सांसर्गिक गर्भपाताच्या जंतूंचा ताप येतो, तेव्हा "कच्च्या दुधाचं दही जास्त ताकदवान" हा समज सोडावा. ताकाची कढी केली, उकळी आली, की जिवाणू मेले. आंबवून मग शिजविलेल्या आंबिलीचेही तेच. दोन्ही पदार्थ पोषक आहेत, आम्हांलाही आवडतात. पण जिवंत जिवाणूंच्या हिशेबात ते धरू नयेत. जिवाणूंसाठी जेवणाच्या शेवटी ताजे ताक बरे. रक्तदाब असणाऱ्यांनी त्यात मीठ घालू नये.

प्रोबायोटिक हे नेहमीच निरुपद्रवी असते, असेही नाही. हॉलंडमध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ असलेल्या रुग्णांना अशा जिवाणूंचे मिश्रण दिले. २००८ साली निष्कर्ष आला तेव्हा जिवाणू मिळालेल्या १५२ जणांपैकी २४ दगावले होते, न मिळालेल्या १४४ पैकी ९. फार आजारी माणूस, कर्करोगाची औषधे घेणारा, किंवा प्रतिकारशक्ती खचलेला, यांना डॉक्टरांस विचारल्याशिवाय कसल्याही पुड्या देऊ नयेत.

मग दुखणे कसे आवरावे?

साध्या दुखण्याला आधी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्या, दोन वेळांत निदान सहा तासांचे अंतर ठेवून, आणि दिवसभरात सहाहून अधिक नाहीत. जो रोज दारू घेतो किंवा ज्याला काविळीचा त्रास आहे, त्याने तीही विचारूनच. एका गुडघ्याचे दुखणे असेल तर डायक्लोफिनॅकचा मलम वरून लावावा. त्यातले फार थोडे औषध रक्तात उतरते. सूज उतरविणारी गोळी लागलीच तर कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस, आणि एका वेळी एकाच जातीची. गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या "झाडपाल्याच्या" म्हणून घेऊ नयेत. अशा पुड्यांत हीच औषधे, कधी स्टेरॉइडही, मिसळलेली सापडली आहेत. एका पुडीत चमत्कार होतो तो यामुळेच.

हृदयविकारासाठी किंवा मेंदूच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिले असेल, तर ते मात्र आपल्या मनाने बंद करू नये. तेथे ते थांबविण्याचा धोका मोठा असतो. अशा माणसाने वर्षातून एक-दोनदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि तो कमी होत असेल तर डॉक्टरांना सांगावे. लहान आतड्याचे व्रण भरण्यासाठी मिसोप्रोस्टॉल नावाचे औषध प्रयोगांत उपयोगी ठरले आहे, पण ते डॉक्टरांच्या हातातले औषध आहे. त्याने गर्भपात होतो, तेव्हा गरोदर बाईने त्याला स्पर्शही करू नये.

उन्हाचा आणि या गोळ्यांचा संबंध शेतकऱ्याने विशेष जाणावा. घाम गाळून, पाणी न पिता काम केल्यावर मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते. ते टिकवून धरण्याचे काम वर सांगितलेली प्रोस्टाग्लॅन्डिनच करतात, आणि गोळी नेमकी तीच काढून घेते. म्हणून तहानलेल्या अंगाने, जुलाब-उलट्यांत ही गोळी घेऊ नये. मूत्रपिंडांना हे औषध काय करू शकते, हे गिधाडांनी दाखविले आहे. आपल्याकडे जनावरांना डायक्लोफिनॅक टोचीत असत. टोचल्यानंतर मेलेले जनावर गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली उघड झाले, तोवर आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली होती. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आले, २०२३ साली ॲसेक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेनही. गुरांच्या डॉक्टरांकडे त्याऐवजी मेलॉक्सिकॅम असते, ते मागावे. माणसांसाठीची कुपी गोठ्यात वापरू नये.

शेवटी खुणांविषयी. दम लागणे, डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी पडणे, चक्कर, जेवल्यानंतर पोटात कळा, विनाकारण वजन घटणे, यांतले काही दिसले आणि दुखण्याची गोळी चालू असली तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात. शौच डांबरासारखे काळे व चिकट होत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. लोहाच्या गोळीनेही शौच काळे होते, त्यामुळे ती चालू आहे हेही सांगावे. रक्त कमी होण्याला आमच्या शेतांत आणखी एक कारण आहे, अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी. म्हणून गोळ्या घेणाऱ्याचे रक्त कमी झाले की दोष गोळ्यांचाच, असे घरी बसून ठरवू नये. जंत, मूळव्याध, मोठ्या आतड्याचा आजार, सगळे पाहून घ्यावे लागते.

मामांच्या गोळ्या बंद झाल्या. लोहाच्या गोळ्या चालू राहिल्या, आणि या वेळी रक्त चढले. साडेतीन महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या वर आले. गुडघा अजून दुखतो. ते मलम लावतात, मांडीचे स्नायू बळकट करण्याचा शिकविलेला व्यायाम करतात, आणि भांगलणीला जाताना बसायला एक बुटके लाकडी स्टूल बरोबर नेतात. पहिल्या दिवशी वाड्यातली पोरे त्या स्टुलाला हसली. यंदा तशी आणखी तीन स्टुले शेतात दिसली.